वडाळ्याच्या बांधावरचा क्रूस

तुमचा बोर्ड खोटं बोलतो.

शिवडीच्या टोकाला, जिथे डांबर संपून खडी लागते, तिथे तुम्ही तो उभा केलाय. निळा, दोन खांबांवर, कोपऱ्यात सायकलचं चित्र. त्यावर लिहिलंय की हा वारसा सायकल मार्ग तुमच्या खात्याने विकसित केला. काय विकसित केलं ते लिहिलेलं नाही. बांध मिठागरवाल्यांनी घातले. वाट मजुरांच्या पायांनी पडली. त्या वाटेवर सायकली आम्ही घातल्या, तेव्हा तुमच्या खात्याला हा भाग नकाशात शोधावा लागला असता. तुम्ही फक्त बोर्ड लावलात आणि वाटेवरची एक गोष्ट पुसायला घेतलीत.

तुम्ही म्हणजे खातं नव्हे. तुम्ही म्हणजे तुम्ही, एक माणूस. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमची बदली होईल आणि नवा साहेब येऊन सगळं पहिल्यापासून विचारायला लागेल. तेवढा वेळ आता उरलेला नाही.

जे झालं ते क्रमाने लिहितो. तुम्हाला त्यातलं निम्मं माहीत आहे. उरलेलं निम्मं तुम्ही गेल्यानंतर झालं.

वाट अशी. शिवडीच्या किल्ल्यामागून निघायचं, गोदीच्या भिंतीलगत ट्रक चुकवत वडाळ्यापर्यंत यायचं. तिथे रुळांखालच्या मोरीतून पलीकडे गेलं की मुंबई संपते. म्हणजे संपत नाही, चारी बाजूंना टॉवर उभेच असतात, वरून मोनोरेलही रिकामी जाताना दिसते. पण चाकाखाली माती, खडी आणि शिंपल्यांचा चुरा. दोन्ही हातांना मिठाचे वाफे, थोडे चालू, बरेचसे सोडून दिलेले. बगळे, खारफुटी, वाऱ्याला कुजकट खारा वास. बांधाबांधावरून पुढे गेलं की आणिक डेपोच्या बाजूने वर यायचं, आणि शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सायकल टेकवायची. ज्याच्या पायांत अजून दम आहे त्याने रिवा किल्ल्यापर्यंत जावं. शहराच्या मधोमध एवढं गाव अजून शिल्लक आहे, हे शहरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही.

ही वाट जोडली अपेक्षाने. अपेक्षा नायगावची. बीडीडी चाळीतली तिची खोली पाडायला गेली, तेव्हापासून घरचे संक्रमण शिबिरात आहेत. ती दादरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. सुट्टीच्या दिवशी सायकल गाडीवर बांधून घाटात न्यायची तर गाडी लागते. ती नव्हती. म्हणून तिने घरापासून सायकलवर पोचता येईल असं गाव शोधलं. तिची सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं आणि टायर जाड, खडीवर न फुटणारे. आम्ही चार-पाच जण तिच्या मागे असायचो, लालबाग-परळची पोरं. मयूर पहिल्या दिवशी म्हणाला, ‘अपेक्षा, तुझ्या रूटवर टॅक्सीवाला पण यायला नाही म्हणेल.’ ती म्हणाली, ‘तू टॅक्सीनेच ये, तुझ्याच्याने चढ होत नाहीत.’ तरी तो दर रविवारी यायचा.

तिने वाट सायकलवाल्यांच्या ॲपवर टाकली. त्यात चार थांबे: शिवडीचा किल्ला, बांध, क्रूस, शीवचा किल्ला.

क्रूस बांधाच्या वळणावर आहे. माणसाएवढा, चार पायऱ्यांच्या चौथऱ्यावर. आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हा चौथऱ्याला फिक्या निळ्या टाइल्स होत्या, मधल्या टाइलवर गुलाब. वर हिरवा फायबरचा पत्रा, पुढे स्टीलची जाळी, रंगाच्या रिकाम्या डब्यांत सदाफुली. मयूर बोलून गेला की देवाला बाथरूममध्ये उभं केलंय. मागे मॉड आंटी झाडत होत्या, हे त्याला दिसलं नव्हतं. आंटी म्हणाल्या, ‘बाथरूम स्वच्छ असते, बाबा. तुझी आहे काय?’ मग त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, मयूरला सगळ्यात शेवटी.

मॉड आंटी आणि कास्मीर अंकल शीवला राहतात. मूळचे वडाळ्याचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच जुने ख्रिस्ती. अंकल एका शिपिंग कंपनीत क्लार्क होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ‘आमी कुठून आलो नाय, तुमी आलात,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्हा कोकणातून आलेल्या गिरणीवाल्यांच्या नातवंडांना ते हे चहा देता देता ऐकवायचे. आम्ही म्हणायचो, बरं अंकल, जातो परत, आधी चहा संपवू द्या.

क्रूस त्यांच्या पणजोबाने उभा केला, प्लेगच्या वेळी. तेव्हा मिठागरावर काम करणाऱ्यांच्या झोपड्या होत्या तिथे. शहराकडून येणारं दुखणं बांधाच्या वळणावरच थांबावं म्हणून तो तिथे. दुखणं थांबलं की नाही हे अंकलना माहीत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की पणजोबा जगले, त्याशिवाय आपण कुठून आलो असतो. झोपड्या गेल्या, क्रूस राहिला. दर मे महिन्यात तिथे संध्याकाळची रोझरी, माळेवरची प्रार्थना, होते, शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप. आम्हीही खाल्लेत. प्रार्थना येत नसली तरी चणे येतात, असं आंटी म्हणायच्या.

रोझरीच्या आधी क्रूस घासून धुवायचा आणि रंगवायचा, ही त्यांची रीत. एकाही वर्षी चुकलेली नाही. सणाला आपण नवे कपडे घालायचे आणि क्रूस जुन्यात उभा करायचा, हे त्या लोकांना पटत नाही. पणजोबाने चुना दिला, आजोबाने चुना दिला, बापाने ऑइल पेंट आणला. अंकलच्या वाट्याला आल्यावर त्यांनी टाइल्स आणल्या. मुलगी ओलिव्हिया शाळेत असताना काविळीने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्यांनी कबूल केलं होतं की पोर उठली तर क्रूसाचा चौथरा चांगला करीन. पोर उठली. अंकलनी टाइल्स स्वतःच्या हाताने बसवल्या. चांगला करणं म्हणजे काय, तर आपल्या घरात जे सगळ्यात चांगलं ते. त्या वर्षी त्यांच्या घरात सगळ्यात चांगली नवी बाथरूम होती.

इथपर्यंत तुम्ही नव्हता.

तुम्ही आलात एका रविवारी, सायकलवर. महागडी सायकल, कार्बनची, पण चिखलाने भरलेली. म्हणजे नुसती मिरवायला घेतलेली नव्हती, हे आम्ही बघितलं आणि तुम्ही आम्हाला आवडलात. खरं तेच लिहितोय. ॲपवर ही वाट सापडली म्हणालात. अपेक्षाचं कौतुक केलंत. शीवच्या किल्ल्यावर चढलात, पिंपळाने फोडलेल्या भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिलात. म्हणालात, हा पोत बघा, हा काळ आहे, हा विकत मिळत नाही. मयूर माझ्या कानात म्हणाला की आमच्या चाळीच्या संडासाच्या भिंतीला पण असाच काळ लागलेला होता, कोणी हात नाही लावला.

मग तुम्ही सांगितलंत की तुम्ही कोण. वाट अधिकृत करू, लोकांना कळू दे, चांगली खडी टाकू, पावसात वाहून जाणार नाही अशी. अपेक्षाकडून नकाशाची फाइल मागितलीत. तिने तिथेच उभ्या उभ्या पाठवली. क्रूसापाशी तुम्ही त्या दिवशी थांबला होतात. मॉड आंटींनी तुम्हालाही पाणी दिलं, मयूरच्या आधी.

त्यानंतर सर्व्हे झाला. वाट रुंद करायची ठरली. किल्ल्यांना वारसा म्हणून क्रमांक मिळाले, पडक्या पंपघराच्या चौकटीला मिळाला, बांधावरच्या एका मोडक्या दगडी गटारालाही मिळाला. क्रूसाला नोटीस मिळाली. गुलाबाच्या टाइलवर गोंदाने चिकटवलेली. अलीकडचं विनापरवाना बांधकाम, मार्गात अडथळा, हटवण्यात यावं. जुनं असल्यास ठरलेल्या सालाआधीचा पुरावा द्यावा.

अंकलना राग आला नाही. कोणीतरी चूक केली आणि ती दुरुस्त होईल, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर क्लार्क होते. चूक झाली की दुरुस्त होते यावर त्यांचा विश्वास आहे.

पुरावा शोधला. पाद्रीबाबांकडे बाप्तिस्म्यांची नोंद आहे, लग्नांची आहे, मेलेल्यांची आहे, बांधावरच्या क्रूसांची नाही. मॉड आंटींनी लग्नातला फोटो काढून दिला. दोघं क्रूसाला फुलं वाहतायत. फोटो स्वच्छ आहे, पण त्यांचं लग्न तुमच्या ठरलेल्या सालानंतरचं. लग्न उशिरा केलं, ही त्यांची चूक.

तेव्हा अंकल म्हणाले की साल आहे ना. चौथऱ्यावरच आहे. पणजोबाने चुन्यात उठवून घेतलेलं.

‘कुठे अंकल?’ अपेक्षाने विचारलं. तिने तो चौथरा शंभरदा बघितला होता.

‘टाइलच्या मागे गो, बाय.’

मयूर हसला. मग आम्ही सगळेच हसलो, अंकलही. एकटी अपेक्षा हसली नाही. तिने विचारलं की सिमेंटने आकडे धरले असतील, टाइल काढताना सोबत निघून तर येणार नाहीत ना. अंकल म्हणाले की मी येडा नाय. साल आहे हे माहीत होतं, म्हणून वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक लावलं आणि त्यावर सिमेंट घातलं. पणजोबाचं साल कोण खराब करणार.

आम्ही तिथल्या तिथे टाइल काढायला बसणार होतो. अपेक्षाने अडवलं. आपण काढली तर ते म्हणतील, आत्ता कोरलं. साहेबांसमोर काढायची. तुमच्या कार्यालयातही तिला तेच सांगण्यात आलं. तुमच्यासमोरच काढायची. मग तुमची वाट बघणं सुरू झालं. तुम्ही एकदा येणार होता, मीटिंग निघाली. परत येणार होता, मंत्री आले. तोपर्यंत खडीचे ढीग शिवडीकडून वडाळ्याकडे सरकत होते. रोलर मोरीच्या अलीकडे येऊन उभा राहिला.

फेब्रुवारीत तुम्ही आलात. या वेळी गाडीने, आणि शेवटचा पल्ला चालत. सोबत तुमचा एक माणूस, टॅबलेट घेऊन. अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आंटींनी चौथऱ्याभोवती झाडून पाणी शिंपडलं होतं.

टाइल अंकलनी स्वतः काढली. पातळ छिन्नी, लाकडी हातोडी, कडेकडेने. गुलाबाला तडा गेला तेव्हा त्यांनी हात थांबवला, मग पुन्हा सुरू केलं. टाइल सुटून हातात आली. मागे दुधाची पिशवी होती, तिच्यावरची निळी अक्षरंसुद्धा वाचता येत होती. अंकलनी पिशवी बोटांनी सोलली.

खाली इंग्रजी आकडे. एक, आठ, नऊ, सात. वर छोटा क्रूस. सगळे चुन्यात उठवलेले आणि लाल रंगाने भरलेले. लाल रंग असा की काल संध्याकाळी दिलाय. कडा धारदार. भोवतीचा चुना पांढराशुभ्र.

आम्ही टाळ्या वाजवल्या. आंटींनी छातीवर क्रूसाची खूण केली. अंकल तुमच्याकडे वळून उभे राहिले, एखादा मुलगा पाटी दाखवून उभा राहतो तसे.

तुम्ही गुडघ्यावर बसलात. बराच वेळ बघितलंत. नखाने एका आकड्याची कड तपासलीत. तुमचा आवाज चांगला होता, हेही लिहितो. तुम्ही ओरडला नाहीत.

‘अंकल, हे जुनं वाटत नाही हो.’

‘साल लिवलंय ना.’

‘साल कोणीही लिहील. ह्याच्यावर काळ दिसत नाही. रंग बघा तुम्हीच.’

‘रंग मीच देत होतो, साहेब. टाइल लावायच्या आधी दर मे महिन्यात. मना तर तो दिसला पायजे ना.’

‘तेच तर,’ तुम्ही म्हणालात.

अपेक्षा मध्ये बोलली. चुन्याचा तुकडा तपासायला देऊ, ती लॅबमध्येच काम करते, कोणाला विचारायचं तिला माहीत आहे. तुम्ही म्हणालात की चुना आजही दुकानात मिळतो. तुमच्या माणसाने टॅबलेटवर फोटो काढले. फोटोत ते आणखी नवं दिसलं. मयूर म्हणाला की साहेब, किल्ल्यावर बदाम काढून नावं कोरली आहेत, ती जुनी दिसतात, त्यांना नंबर द्या. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाहीत. तुमचा माणूस हसला आणि लगेच गप्प झाला.

मग तुम्ही अंकलच्या खांद्यावर हात ठेवून ते वाक्य बोललात. मी जवळ होतो, शब्द तेच आहेत.

‘असं करू. थोडे दिवस उघडं राहू दे. हवा-पाणी लागू दे. मी मेमध्ये पुन्हा बघतो.’

तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तुम्हाला निघायचं होतं. नाही म्हणायला जड जात होतं, म्हणून तारीख दिलीत. तुमच्या खुर्चीवरची माणसं असं बोलतात आणि आमच्यातले बहुतेक लोक ते ऐकून चहा प्यायला जातात. अपेक्षालाही कळलं. कास्मीर अंकलना कळलं नाही. त्यांनी आयुष्यभर साहेबाचं वाक्य लिहून घेतलं आणि तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवा पत्रा उतरवला. नंतर जाळी. नंतर उरलेल्या सगळ्या टाइल्स, आता कोणी बघायला नसताना. सदाफुलीचे डबे घरी नेले. क्रूस एकदम छोटा दिसायला लागला. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो, तर अंकल चौथऱ्यासमोर बादली घेऊन उभे. बादलीत वाफ्यातलं पाणी, खारट, जड, तळाशी मिठाचे दाणे असलेलं. ते मगाने आकड्यांवर ओतत होते. सावकाश, एखाद्याला आंघोळ घालावी तसं.

अपेक्षाने सायकल टाकली आणि धावत गेली. त्यांचा मग धरला. काय करताय, म्हणाली.

‘हवा-पाणी. साहेब बोलले ना. हवा हाय, पाणी कुठाय? पाऊस जूनला. तो मेमध्ये येणार.’

तिने समजावलं. मीठ चुन्यात शिरतं, उन्हात आतल्या आत फुलतं आणि वरचा थर ढकलून पाडतं. अंकल म्हणाले की ते मना माहीत हाय, मी मिठागरवाल्यांचाच पोर. म्हणूनच तर हे पाणी. साध्या पाण्याने वर्ष लागेल.

हे बघा. त्यांना काय होणार ते माहीत होतं. ते नवं नीट राखायला शिकलेले, आता त्याच हातांनी जुनं करत होते. दोन्ही वेळा कोणाच्या तरी म्हणण्याप्रमाणे. आधी पणजोबाच्या, आता तुमच्या.

मॉड आंटींनी बांधावर येणं सोडलं. आम्ही शीवला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, नेहमीसारखा. त्या म्हणाल्या की त्यांनी नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती. देवाला म्हातारं करायची घाई तुलाच का, तो आपल्यापेक्षा म्हातारा आहेच. नवरा म्हणाला होता, ‘साहेबाला तसा दिसत नाय ना.’ त्यानंतर त्या दोघांत या विषयावर बोलणं झालं नाही. जेवण झालं, टीव्ही झाला, चर्च झालं, हे नाही.

अपेक्षा तुमच्या कार्यालयात गेली. एकदा, परत एकदा, तिसऱ्यांदा ड्युटी बदलून. तुम्ही साइटवर होता. ती म्हणाली, निरोप द्या, साहेबांनी एक फोन अंकलना करावा, एवढंच सांगावं की पाणी ओतू नका. निरोप घेणाऱ्याने विचारलं, कसलं पाणी. तिने सांगितलं. त्याला ते इतकं वेडगळ वाटलं की त्याने लिहूनच घेतलं नाही. तुमच्या मोबाइलवर तिने पाठवलेल्या मेसेजला दोन निळ्या खुणा आहेत. तिने ॲपवरून वाट काढून टाकली. फरक पडला नाही. तोपर्यंत कितीतरी लोकांनी उतरवून घेतली होती, आणि तुमचा बोर्ड होताच.

एप्रिलमध्ये लाल रंग उचलायला लागला. आधी फोड, मग पापुद्रे. खालचा चुना करडा, छिद्रांचा. अंकल खूश होते. रोज फोटो काढायचे आणि अपेक्षाला पाठवायचे, बघ, आता जुनं वाटतं ना. खरं सांगायचं तर वाटत होतं. शीवच्या किल्ल्यावर तुम्ही हात ठेवला होतात ना, तसंच वाटायला लागलं होतं.

रोलर मोरीतून पलीकडे आला. रुंद वाट क्रूसापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली. ठेकेदाराचा मुकादम भला माणूस. मे संपेपर्यंत पुढे सरकत नाही म्हणाला. साहेब बघून जाऊ देत, मग जे सांगतील ते. तोही ओतणं बघायचा. एकदा त्याने विचारलं, ही काय तुमची पूजा आहे का? अंकल म्हणाले, ‘नाय, तपासणी हाय.’

गेल्या गुरुवारी सात पडला.

मी तिथे होतो, कामावरून सुटून तसाच गेलो होतो. अंकलनी मग रिकामा केला, आणि सातचा वरचा आडवा भाग पाण्याबरोबर खाली आला. मग दांडी. आवाजसुद्धा झाला नाही. चौथऱ्याच्या पायरीवर ओला चुना, त्यात लाल ठिपका. वर एक, आठ, नऊ आणि खड्डा.

अंकल बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, रडत नव्हते, हिशेबाचं विचारावं तसं विचारलं, ‘आता साल अर्धंच हाय. अर्धं चालेल काय रे त्याला? की जास्त झालं?’

मी म्हणालो, माहीत नाही.

‘तू विचार,’ ते म्हणाले. ‘तुना लिवता येतं. मी लिवलं तर परत चूक होईल.’

म्हणून लिहितोय.

नऊसुद्धा सैल आहे. बोट लावलं तर हलतो. अंकलनी गुरुवारपासून ओतणं थांबवलंय, पण बादली भरून चौथऱ्याच्या मागे ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, साहेबांना कमी वाटलं तर ऐन वेळी धावपळ नको. मॉड आंटी शुक्रवारी बांधावर आल्या. किती आठवड्यांनी. त्यांनी ते बघितलं. पायरीवर बसल्या, नवऱ्याच्या शेजारी, बऱ्यापैकी अंतर ठेवून. रोझरी कोणत्या दिवसापासून लावायची ते अजून ठरलेलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. चणे भिजवायचे की नाही, हे त्या मला विचारत होत्या. मलाच.

येत्या रविवारी तुमच्या वारसा मार्गाचं उद्घाटन आहे. सायकली येणार, टी-शर्ट वाटणार, ड्रोन उडणार. तुम्ही सगळ्यात पुढे असणार, त्याच चिखलाच्या सायकलवर. वाट क्रूसाशी येऊन थांबते, म्हणजे तुम्हालाही थांबावं लागेल. सगळ्यांसमोर तुम्ही पुन्हा काहीतरी चांगल्या आवाजात बोलाल, आणि अंकल ते पुन्हा करायला घेतील. म्हणून रविवारच्या आत सांगा. बघतो नको, फाइल पुढे पाठवलीय नको. फोन अपेक्षाकडे आहे, नंबर तुमच्याकडे आहे.

एक, आठ, नऊ, एवढं शिल्लक आहे. हे तुम्हाला पुरेसं जुनं आहे की अजून ओतायचं? अजून ओतायचं असेल तर किती, आणि काय उरलेलं असताना थांबायचं?

उत्तर द्या.